शाळाबाह्य मुले : नोंदवहीतील आकडे आणि घरोघरीचे वास्तव

देशात शाळेबाहेर असलेली मुले नेमकी किती, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. त्याचे उत्तर मात्र कोणाला विचारले, कसे विचारले आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात विचारले, यावर अवलंबून असल्याचे आजवरच्या अनुभवावरून दिसून येते. २०११ च्या जनगणनेनुसार ६ ते १३ वर्षे वयोगटातील सुमारे ३ कोटी ८० लाख मुले कोणत्याही शिक्षणसंस्थेत जात नव्हती. २०१४ मध्ये झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७१ व्या फेरीवरून अभ्यासकांनी काढलेला अंदाज सुमारे २ कोटींचा होता. त्याच वर्षी तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालयाने करवून घेतलेल्या स्वतंत्र पाहणीत हा आकडा सुमारे ६० लाख ६० हजार इतकाच आला.

तीन वर्षांच्या अवधीत शाळाबाह्य मुलांची संख्या एकदम सहा पटींनी घटली, असा या आकड्यांचा अर्थ कोणीही लावत नाही. तफावतीचे कारण मुलांपेक्षा मोजणीच्या पद्धतीत अधिक आहे. वसतिगृहे, शिक्षकांची पदे, पाठ्यपुस्तके आणि निधी यांचे नियोजन अशाच आकड्यांवर होत असल्याने हा वाद केवळ संख्याशास्त्रज्ञांपुरता मर्यादित राहत नाही. जे मूल मोजणीत येत नाही, त्याच्यासाठी कोणतीही तरतूद होत नाही.

केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार देशाच्या बहुतांश भागासाठी जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ हा आहे. या पार्श्वभूमीवर, शिक्षणातील एखाद्या प्रश्नाचा शोध कागदपत्रांतून किती घेता येतो आणि लोकांशी बोलून किती, याचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

एक प्रश्न, अनेक व्याख्या

जनगणनेत घरातील प्रत्येक व्यक्तीबाबत ती शिक्षणसंस्थेत जाते किंवा नाही, याची नोंद होते. शाळेत नाव आहे का, हा प्रश्न तेथे मुख्य नसतो. मंत्रालयाच्या पाहणीतील व्याख्या निराळी होती. ज्याचे नाव शाळेत कधीच दाखल झाले नाही, किंवा दाखल झाल्यानंतर जे पूर्वसूचनेशिवाय सलग ४५ दिवस अथवा त्याहून अधिक काळ गैरहजर राहिले, तेच मूल शाळाबाह्य मानले गेले. साहजिकच, चाळीस दिवस शेतावर राबणारे मूल एका गणनेत शाळेबाहेर ठरते, तर दुसऱ्या गणनेत ते विद्यार्थीच राहते.

राज्यांच्या व्याख्याही एकसारख्या नाहीत. महाराष्ट्राने एक महिन्याहून अधिक काळ सातत्याने गैरहजर राहणाऱ्या बालकास शाळाबाह्य मानले. कर्नाटकात हा प्रश्न उच्च न्यायालयात गेल्यानंतर सात दिवसांची मर्यादा स्वीकारण्यात आली. म्हणजे सीमेच्या अलीकडील आणि पलीकडील दोन गावांत एकाच दिवसापासून शाळा सुटलेली दोन मुले दोन वेगळ्या दिवशी शाळाबाह्य ठरू शकतात.

नोंदवहीची मर्यादा

शिक्षणविषयक माहितीचा सर्वांत मोठा स्रोत म्हणजे शाळांनी स्वतः भरून दिलेली माहिती. जिल्हा शिक्षण माहिती प्रणालीच्या रूपाने सुरू झालेली ही व्यवस्था आता 'यू-डायस प्लस' या नावाने चालते. शाळांच्या इमारती, शिक्षकांची संख्या, स्वच्छतागृहे आणि पटसंख्या यांचा एवढा विस्तृत तपशील अन्यत्र मिळत नाही. तथापि, ही माहिती शाळेच्या आतून येते. शाळेत कधी न आलेल्या मुलाविषयी ती काही सांगू शकत नाही.

२०२१-२२ मध्ये या प्रणालीत सुमारे २६ कोटी ५० लाख विद्यार्थ्यांची नोंद होती. त्यानंतर शाळानिहाय बेरजेऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेण्यास सुरुवात झाली. २०२३-२४ मध्ये एकूण संख्या सुमारे २४ कोटी ८० लाखांवर आली. पद्धत बदलल्याने या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, हे खरे. परंतु दोन शाळांच्या पटावर असलेले एकच नाव पूर्वीच्या बेरजेत दोनदा मोजले जात होते, ही बाब या बदलामुळे पुढे आली.

पटावर नाव राहण्यामागे केवळ हलगर्जी नसते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकास शाळेतून काढून टाकता येणार नाही, असे त्यात नमूद आहे. ही तरतूद मुलाच्या हिताचीच आहे. दुसरीकडे, पटसंख्येवर शिक्षकांची संचमान्यता अवलंबून असते. लहान गावात दहा मुले पटावरून कमी झाली, तर एक शिक्षक अतिरिक्त ठरण्याची भीती असते. अशा स्थितीत नाव कमी न करणे हे कायद्याला धरून असते आणि शाळेच्याही सोयीचे असते. नोंदवही खोटे बोलत नाही. ती तिला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते.

घरोघरी चौकशीची जुनी परंपरा

शाळेच्या दारातून न पाहता घराच्या उंबरठ्यावरून शिक्षणाकडे पाहण्याचा प्रयत्न भारतात नवा नाही. विल्यम ॲडम यांनी १८३५ ते १८३८ या काळात बंगाल आणि बिहारमधील देशी शिक्षणावर तीन अहवाल सादर केले. उपलब्ध कागदपत्रांवर आधारलेल्या पहिल्या अहवालात या प्रदेशात सुमारे एक लाख ग्रामशाळा असाव्यात, असा अंदाज होता. दुसऱ्या अहवालासाठी त्यांनी राजशाही जिल्ह्यातील नाटोर या एका ठाण्याची प्रत्यक्ष पाहणी केली. तेथे २७ प्राथमिक शाळांत मिळून २६२ मुले शिकत असल्याचे आढळले. मात्र घरांत चौकशी केली असता १,५८८ कुटुंबांतील २,३८२ मुलांना घरीच शिकविले जात असल्याचे स्पष्ट झाले. शाळांची संख्या कागदावरील अंदाजाच्या मानाने तोकडी होती, तर शिक्षण शाळांच्या पलीकडेही पसरलेले होते. या दोन्ही गोष्टी घरोघरी गेल्यानेच कळल्या.

महाराष्ट्रातही या परंपरेचे एक महत्त्वाचे उदाहरण आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. आपला अनुभव मुख्यत्वे पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, हे त्यांनी आरंभीच सांगितले. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. स्वतः शाळा चालविलेल्या माणसाने आपल्या माहितीची मर्यादा सांगून मग निष्कर्ष मांडावा, ही शिस्त आजच्या संशोधकांसाठीही अनुकरणीय आहे.

पालकांविषयीचा समज

गरीब पालकांना शिक्षणाचे महत्त्व वाटत नाही, म्हणून मुले शाळेत येत नाहीत, हा समज प्रशासनात दीर्घकाळ रूढ होता. १९९६ मध्ये उत्तर भारतातील राज्यांतील खेड्यांत झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रोब' अहवालाने या समजाला धक्का दिला. पाहणी पथकांनी शाळांना भेटी दिल्या, शिक्षकांशी चर्चा केली आणि घरोघरी जाऊन पालकांच्या मुलाखती घेतल्या. मुलग्यांचे शिक्षण महत्त्वाचे आहे, असे ९८ टक्के पालकांनी सांगितले. मुलींच्या बाबतीत हे प्रमाण ८९ टक्के होते.

मुलग्यांपेक्षा मुलींबाबतचे प्रमाण कमी होते, ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही. तरीही पालकांची अनास्था हेच मूळ कारण आहे, असे म्हणणे या उत्तरांनंतर कठीण झाले. त्याच पाहणीत पथकाच्या भेटीच्या वेळी सुमारे निम्म्या शाळांत प्रत्यक्ष अध्यापन सुरू नव्हते, असेही आढळले. एकाच शिक्षकावर अनेक वर्गांचा भार, मोडक्या इमारती आणि साहित्याचा अभाव या शिक्षकांच्या अडचणीही अहवालाने नोंदविल्या. पालकांची इच्छा आणि शाळेची अवस्था यांतील हे अंतर दोन्ही बाजूंना विचारल्यामुळेच समोर आले. दहा वर्षांनी, २००६ मध्ये त्याच भागांत पुन्हा पाहणी करण्यात आली. तेव्हा ६ ते १२ वयोगटातील पटनोंदणीचे प्रमाण ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेले होते. अध्यापनाची स्थिती मात्र फारशी सुधारलेली नव्हती.

कोविड साथीच्या काळात हाच धडा पुन्हा मिळाला. शाळा बंद असल्या तरी शिक्षण ऑनलाइन सुरू आहे, असे सांगितले जात होते. ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित कुटुंबांमधील सुमारे १,४०० मुलांची भेट घेऊन एक पाहणी करण्यात आली. ऑनलाइन पद्धतीने नियमित शिकत असलेल्या मुलांचे प्रमाण ग्रामीण भागात केवळ ८ टक्के आणि शहरी भागात २४ टक्के असल्याचे तीत आढळले.

नाव आहे, वाचन नाही

पटावरील नाव आणि प्रत्यक्ष शिक्षण यांतील अंतर मोजण्याचे काम २००५ पासून 'असर' या वार्षिक पाहणीने हाती घेतले. मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने ती सुरू झाली. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावातील २० घरे निवडली जातात. स्वयंसेवक घरी जाऊन मुलापुढे अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवतात. मूल कोठपर्यंत सहज वाचते, याची नोंद घेतली जाते.

ही पाहणी घरी करण्यामागे निश्चित कारण आहे. शाळेत घेतलेल्या चाचणीत त्या दिवशी हजर असलेलीच मुले येतात. जे मूल गैरहजर आहे, ज्याने शाळा सोडली आहे किंवा जे नोंद नसलेल्या शाळेत जाते, ते चाचणीतून सुटते. शासनाच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचे स्वरूप शालेय चाचणीचे आहे. त्यातून वर्गातील अध्यापनाचा अंदाज येतो. वर्गाबाहेरील मुलाचा येत नाही.

२०२४ च्या 'असर' पाहणीत ६०५ ग्रामीण जिल्ह्यांतील १७,९९७ गावांमधील सुमारे साडेसहा लाख मुलांचा समावेश होता. ६ ते १४ वयोगटातील ९८.१ टक्के मुलांची नावे शाळेत होती. तथापि, तिसरीतील केवळ २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांपर्यंत घसरले होते, त्या तुलनेत ही सुधारणा निश्चितच आहे. प्राथमिक स्तरावरील पाच कोटींहून अधिक मुलांनी पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान आत्मसात केलेले नसल्याचा अंदाज राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नोंदविण्यात आला आणि जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू झाले. घराच्या ओसरीवर विचारलेला प्रश्न अखेर धोरणाच्या मसुद्यापर्यंत पोहोचला, असे म्हणता येईल.

ऊसतोडीचे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक

मोजणीच्या वेळेचे महत्त्व सर्वाधिक जाणवते ते हंगामी स्थलांतरात. बीड जिल्ह्यासह मराठवाडा आणि लगतच्या दुष्काळी तालुक्यांतून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते, पती-पत्नीचा मिळून एक कोयता धरला जातो आणि टोळी पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक किंवा गुजरातमधील कारखान्यांकडे निघते. दिवाळीच्या सुमारास सुरू होणारा हा हंगाम साधारणपणे मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शाळेचे दुसरे सत्रही नेमके याच काळात असते.

गावी आजी-आजोबा असतील तर मूल मागे राहते. नसतील तर आई-वडिलांबरोबर जाते. फडाजवळच्या कोपीत मोठ्या मुलीकडे धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे, पाणी भरण्याचे काम येते. थोडे मोठे झालेले मूल वाढे गोळा करू लागते. गावच्या शाळेत त्याचे नाव कायम असते. कारखान्याजवळच्या शाळेत ते नसते. शासकीय हिशेबात हे मूल विद्यार्थी असते आणि प्रत्यक्षात सहा महिने त्याच्या हाती पुस्तक नसते.

महाराष्ट्र शासनाने ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचे घरोघर सर्वेक्षण केले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर दारोदार जाण्याचा तो प्रयत्न दखलपात्र होता. मात्र जुलै महिन्यात ऊसतोड कुटुंबे सहसा गावी असतात आणि त्यांची मुले शाळेतही जात असतात. त्यामुळे दिवाळीनंतर शाळेपासून तुटणारे मूल अशा एका दिवसाच्या गणनेत दिसणे अवघड होते. आकडा कमी आल्याबद्दल सामाजिक कार्यकर्त्यांनी त्या वेळी आक्षेपही घेतले होते. घरी जाऊन विचारणे आवश्यक आहे. परंतु कोणत्या महिन्यात विचारले, हेही तितकेच निर्णायक आहे.

या मुलांसाठी उपाय झाले नाहीत, असे नाही. दोन हजारच्या दशकात तत्कालीन औरंगाबाद येथील 'जनार्थ' संस्थेने कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविल्या. पुढे मुलांना गावीच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली. स्थलांतरित मुलाला जेथे जाईल तेथे प्रवेश मिळावा, म्हणून शिक्षण हमी पत्रकाची व्यवस्था करण्यात आली. जून २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. मात्र कोणत्या गावातून किती मुले कोणत्या आठवड्यात बाहेर पडणार, हे पालकांना आणि मुकादमाला आधी विचारले नाही, तर वसतिगृह सुरू होईपर्यंत टोळी निघून गेलेली असते.

हा प्रश्न महाराष्ट्रापुरता नाही. ओडिशाच्या बोलांगीर आणि नुआपाडा जिल्ह्यांतील कुटुंबे तेलंगण व आंध्र प्रदेशातील वीटभट्ट्यांवर जातात. गुजरातमध्ये अगरिया कुटुंबे कच्छच्या छोट्या रणात मिठागरांवर राहतात. परराज्यात गेलेल्या मुलापुढे भाषेचीही भिंत उभी राहते. बेळगाव भागातील फडावर मराठी बोलणाऱ्या मुलाला जवळची शाळा कन्नड माध्यमाची मिळते, तर ओडिया मुलाला तेलुगू माध्यमाची. शाळा किती अंतरावर आहे, हे नकाशावरून कळते. ती त्या मुलासाठी शाळा आहे का, हे त्यालाच विचारावे लागते.

मुलाखतीच्याही मर्यादा

असे असले, तरी लोकांनी सांगितलेले सर्व काही जसेच्या तसे खरे मानता येत नाही. बालमजुरीविषयक कायदा आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा यांची माहिती आता खेडोपाडी पोहोचली आहे. दारात वही घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी व्यक्तीला 'मूल शाळेत जाते' असे उत्तर देणे कोणत्याही पालकास सुरक्षित वाटते. मुकादम शेजारी उभा असताना उचलीविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. घरातील पुरुष उत्तर देत असताना मुलीने शाळा का सोडली, याचे खरे कारण बहुधा आईकडेच राहते. अनेक घरांत मुलाचे नेमके वयही सांगता येत नाही.

म्हणूनच 'मूल शाळेत जाते का' यापेक्षा 'काल गेले होते का', 'गेल्या आठवड्यात किती दिवस गेले' असे प्रश्न अधिक उपयोगी पडतात. आई, मूल आणि शिक्षक यांच्याशी स्वतंत्रपणे बोलणे, तीच माहिती हजेरीपटाशी ताडून पाहणे आणि दोहोंत विसंगती आढळल्यास ती लपवून न ठेवता तिचे कारण शोधणे, ही कामाची रीत आहे. नमुना पाहणीलाही सीमा असतात. 'असर' ग्रामीण भागापुरती आहे. महानगरातील पुलाखाली राहणारे मूल तिच्या कक्षेत येत नाही. जिल्ह्यातील सहाशे घरांवरून जिल्ह्याचा अंदाज बांधता येतो, एखाद्या गावाचा नाही.

पुढील गणनेपुढील आव्हान

जनगणनेचा संदर्भ दिनांक असलेला १ मार्च हा दिवस ऊसतोडीच्या हंगामात येतो. फडावरील कोपीत, वीटभट्टीवर आणि मिठागरांत प्रगणक पोहोचला आणि मुलाच्या शिक्षणसंस्थेतील उपस्थितीविषयी नेमकी नोंद झाली, तर जुलैतील पाहणीत न दिसलेली मुले राष्ट्रीय आकडेवारीत प्रथमच स्पष्टपणे येऊ शकतील. गावच्या शाळेत नाव आहे, म्हणून 'जाते' अशी नोंद झाली, तर ती आणखी एका दशकासाठी अदृश्य राहतील.

आकडा मिळाल्यानंतर तो कोणाकडे जातो, हाही प्रश्न आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. हंगामापूर्वी या समितीने हजेरीपट समोर ठेवून घरोघर चौकशी केली, तर कोणते मूल जाणार आणि कोणासाठी वसतिगृह लागणार, याची यादी गावातच तयार होऊ शकते. त्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. राज्यांनी एकच व्याख्या स्वीकारणे, योग्य महिन्यात विचारणे आणि मिळालेले उत्तर दिवाळीपूर्वी तालुक्याच्या ठिकाणी पोहोचविणे, एवढे मात्र आवश्यक आहे. नोंदवही आणि घर या दोहोंची उत्तरे शेजारी ठेवून पाहिली, तरच दुसऱ्या सत्रात वर्गातील कोणती जागा रिकामी आहे आणि ते मूल कोठे आहे, हे शासनाला कळू शकेल.